पोटातली चौदा इंजेक्शने आणि दाहाचा लगाम

कुत्रा चावल्यावर पूर्वी काय करीत असत, असे कोकणातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. उत्तर बहुधा एकच येईल : पोटात चौदा इंजेक्शने. सावर्डे-चिपळूण परिसरातल्या खेड्यांतून मुलांनी कुत्र्याची खोडी काढू नये म्हणून धाकही त्याचाच घातला जाई. रोज दवाखान्याची वारी आणि रोज बेंबीच्या आजूबाजूला सुई. त्या सुईतून नेमके काय टोचले जात होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. तिच्यातून जात होता मेंढीचा मेंदू.

लुई पाश्चर यांनी १८८५ च्या जुलैत ज्योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली, ती सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. रेबीजचा विषाणू चेतासंस्थेत वाढतो, तेव्हा लशीसाठी तो मिळवायचा तर तिथूनच, असा सरळ हिशेब. पुढे १९११ च्या सुमारास कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी ही पद्धत सुटसुटीत केली. लागण झालेल्या जनावराचा मेंदू काढायचा, त्याचा लगदा करायचा आणि फिनॉल घालून विषाणू मारून टाकायचा. लस स्वस्त होती, देशातच तयार होत होती आणि तिने असंख्य जीव वाचवले. आपल्या राज्यात मुंबईच्या हाफकिनमध्येही मेंढीच्या मेंदूची ही लस बनत असे. लशीत मेंदूचा अंश साधारण पाच टक्के. मोठ्या जखमेसाठी रोज ५ मिलिलिटर लस चौदा दिवस दिली, तर शरीरात किती मेंदू गेला याचे गणित विद्यार्थ्यांना घालता येईल. उत्तर साडेतीन ग्रॅम येते.

या साडेतीन ग्रॅमांचा कधीकधी दगा होई. टोचणी सुरू झाल्यावर एखाद-दोन आठवड्यांत काही जणांना ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे. काहींची शुद्ध हरपे. बरेच जण हळूहळू सावरत, काही दगावत, काहींना कायमचे अधूपण येई. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींत हे प्रमाण काही शेकड्यांत एक ते काही हजारांत एक असे निरनिराळे आढळते. तरीही डॉक्टर लस देत राहिले आणि ते योग्यच होते, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. भारतात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, तिच्यात मेंदूचा कणही नसतो आणि ती दंडात टोचतात. पोटातल्या सुयांच्या जुन्या आठवणीपायी कोणी मुलाला लस द्यायला कचरत असेल, तर शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे.

आपला आजचा विषय मात्र त्या दग्याचा आहे. मेंढीच्या मेंदूने माणसाचे पाय लुळे का पडावेत? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाकीच्या हजारोंचे का पडले नाहीत?

माकडे, मेंदू आणि मेलेले जंतू

सुरुवातीला संशय विषाणूवर होता : तो पुरता मेला नसावा. हा संशय तपासण्यासाठी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांचे सहकारी यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा लगदा महिनोन् महिने टोचला. यात रेबीजचा संबंधच नव्हता. तरीही काही माकडे लुळी पडली. १९३३ आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून गुन्हेगार विषाणू नसून मेंदूच आहे, हे कळले.

माकडांच्या मेंदूत जे नष्ट झालेले आढळले, ते होते चेतातंतूंवरचे मायेलिन. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे लांब चेतातंतूंवर मेदयुक्त पदार्थाचे थर गुंडाळलेले असतात. त्यामुळे संदेश वेगाने धावतो. वेष्टन उसवले की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. मेंढीच्या आणि माणसाच्या मायेलिनमधली प्रथिने पुष्कळशी सारखी असतात. टोचलेल्या मेंदूविरुद्ध शरीराने हत्यार उपसले आणि ते आपल्याच चेतासंस्थेवर चालले. १९८७ साली थायलंडमधील अभ्यासात मेंदूयुक्त लशीने आजारी पडलेल्या रुग्णांमध्ये मायेलिनच्या एका मूळ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे मिळाली, तेव्हा मधला दुवा माणसातही सापडला.

माकडांना पुष्कळ टोचण्या द्याव्या लागत असल्याने हा प्रयोग फार वेळखाऊ होता. १९४० च्या दशकाच्या मध्यास एल्विन काबाट आदींनी मेंदूचा लगदा तेलात मिसळून त्यात क्षयाचे मेलेले जंतू घातले. आता एक-दोन टोचण्या आणि काही आठवडे पुरू लागले. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेला हा आजार आज जगभर उंदरांत अभ्यासला जातो. माणसातल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराशी त्याचे बरेच साम्य आहे. या आजारातही प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या मायेलिनवर हल्ला करते. कधी एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कधी पाय बधिर होतात, काही आठवड्यांनी सुधारतात आणि पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी दुसरा झटका येतो.

मेलेले क्षयजंतू मिसळल्यावर आजार इतका सहज का होऊ लागला? ते जंतू चेतासंस्थेला काहीच करीत नाहीत. ते फक्त एक निरोप देतात : "घरात शत्रू शिरला आहे."

भाजावळीचा विस्तव

प्रतिकारयंत्रणा शिकवताना आपण सैन्याची उपमा देतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, प्रतिपिंडे म्हणजे बाण. उपमा वाईट नाही, पण तिच्यात लढाई थांबते कशी याचा पत्ता नसतो. मला भाजावळीची उपमा जास्त पटते. पावसाळ्यापूर्वी भाताच्या दाढीवर पालापाचोळा पसरून तो जाळतात. विस्तव हवाच असतो, पण पेटवणारा माणूस हातात हिरवा टहाळा घेऊन उभा असतो. बांधापलीकडे ज्वाळा जाऊ लागली की तो ती झोडपून विझवतो. टहाळा घेतलेला माणूस जागेवर नसेल, तर शेजारची काजूची बाग जळते.

शरीरातला दाह म्हणजे हा विस्तव. जखम झाली की जागा लाल होते, सुजते, ठणकते. तिथल्या पेशी एकमेकींना रासायनिक चिठ्ठ्या पाठवत असतात. ही छोटी प्रथिने आहेत, त्यांना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी चिठ्ठी सोडते. दुसरीच्या पृष्ठभागावर ती घेणारी खाच असेल, तर दुसरीचे वर्तन बदलते. काही चिठ्ठ्या विस्तव वाढवणाऱ्या असतात, उदाहरणार्थ इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१७. काही विझवणाऱ्या असतात. त्यांत मुख्य दोन : इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा.

इंटरल्युकिन-१० चा शोध १९८९ मध्ये अमेरिकेत टिम मॉसमन यांच्या गटाने लावला. इतर पेशींना चिठ्ठ्या लिहिण्यापासून रोखणारा पदार्थ म्हणूनच तो प्रथम ओळखला गेला. तो भक्षक पेशींवर काम करतो. भक्षक पेशी पकडलेल्या जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवते आणि सोबत चेतवणी देते. इंटरल्युकिन-१० मिळाल्यावर ती तुकडा कमी दाखवते आणि चेतवणीही आवरती घेते.

आता मघाचा प्रश्न. मायेलिनला ओळखणाऱ्या टी-पेशी फक्त रुग्णांतच असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि तिथे स्वतःच्या शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट केल्या जातात. पण ही चाळणी भोकाभोकांची आहे. १९९० च्या सुमारास धडधाकट माणसांच्या रक्तात शोध घेतला, तेव्हा त्यांच्यातही मायेलिन ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. म्हणजे ही ओळी वाचणाऱ्या आपणा सर्वांच्या अंगात त्या फिरत असण्याची दाट शक्यता आहे. आजार होणे न होणे हे अशा पेशी असण्यावर ठरत नाही. त्यांना मिळणाऱ्या निरोपांवर बरेचसे ठरते.

प्रथिन तेच, निरोप वेगळा

याचा सर्वांत बोलका पुरावा गिनीपिगांनी दिला. मायेलिनचे प्रथिन क्षयजंतूंसह तेलातून टोचले की ते लुळे पडत. तेच प्रथिन, तेच तेल, पण क्षयजंतू वगळून टोचले तर ते आजारी पडत नसत. एवढेच नव्हे, तर पुढे क्षयजंतूंसह टोचल्यावरही पुष्कळसे सुरक्षित राहत. धोक्याचा निरोप नसताना ओळख झाली, की प्रतिकारयंत्रणा त्या प्रथिनाला घरचे माणूस समजायला शिकते.

इस्रायलमधील वाइझमान संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नॉन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांना याच वाटेवर एक अनपेक्षित लाभ झाला. मायेलिनच्या प्रथिनाची नक्कल करून आजार घडवता येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी अ‍ॅलानिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन आणि टायरोसिन या चार अमिनो आम्लांच्या साखळ्या जोडल्या. नकलेने आजार काही झाला नाही. उलट ज्या जनावरांना ती दिली, त्यांच्यात आजार दबला. हे काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, ग्लाटिरॅमर या नावाने तोच पदार्थ मल्टिपल स्क्लेरॉसिसवरचे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाला. त्याने झटक्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटते. तो घेणाऱ्यांच्या शरीरात तयार होणाऱ्या टी-पेशी विस्तव वाढवण्याऐवजी इंटरल्युकिन-१० आणि तत्सम चिठ्ठ्या सोडतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

उंदरांतल्या आजाराने याची दुसरी बाजू दाखवली. हे उंदीर लुळे पडतात आणि त्यांतले बरेच आपोआप सावरतात, थेट लशीने आजारी पडलेल्या माणसांसारखे. ते सावरत असताना त्यांच्या मज्जारज्जूत काय चालते? १९९२ साली असे आढळले की दाह भरात असताना चेतवणाऱ्या चिठ्ठ्या वाढलेल्या असतात आणि उंदीर सुधारू लागला की इंटरल्युकिन-१० चा संदेश वर येतो. एवढ्यावरून तो सुधारणेचे कारण आहे असे म्हणता येणार नाही. पाऊस थांबल्यावर छत्र्या मिटतात म्हणून छत्र्या मिटल्याने पाऊस थांबला असे होत नाही. १९९८ मध्ये बेट्टेली आणि सहकाऱ्यांनी त्याचीही परीक्षा घेतली. ज्यांच्यात इंटरल्युकिन-१० चे जनुकच नाही, अशा उंदरांना आजार फार तीव्र झाला. ज्यांच्या टी-पेशी ते जास्त बनवतात, असे उंदीर आजाराला दाद देईनात. कार्यकारणभाव तपासायचा कसा, याचे हे चांगले उदाहरण वरच्या वर्गांना देता येईल.

टहाळा घेऊन उभा असणारा माणूस कोण, याचाही शोध लागला. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये इतर टी-पेशींना आवरणाऱ्या टी-पेशींचा एक वेगळा वर्ग ओळखला. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका आजारी उंदीरवंशात बिघडलेले फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. हे जनुक या नियामक पेशी घडवते, हे लवकरच स्पष्ट झाले. ज्या मुलग्यांत ते जन्मतः बिघडलेले असते, त्यांचे आतडे, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी यांवर स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा तान्हेपणीच तुटून पडते. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

मग विझवणारी चिठ्ठीच टोचू या!

हुशार विद्यार्थी इथे हमखास विचारील : इंटरल्युकिन-१० बाटलीत भरून रुग्णाला का देत नाहीत? संशोधकांनाही तेच सुचले होते. १९९४ मध्ये उंदरांच्या जातभाईंमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घुशींसारख्या मोठ्या उंदरांमध्ये, सुरुवातीलाच ते दिल्यावर आजार टळला. पण १९९६ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने ते दिले तेव्हा काहीच उपयोग झाला नाही. रक्तात सोडलेली चिठ्ठी थोड्या वेळात नष्ट होते आणि रक्त व मेंदू यांच्यामधली कडक सीमा ओलांडून ती योग्य जागी पोचेल याची शाश्वती नसते. बांधावर टहाळा हवा असताना तो गावच्या वेशीवर नेऊन ठेवल्यासारखे ते होते.

टीजीएफ-बीटाची कथा आणखी बुचकळ्यात टाकणारी आहे. एकटे असताना ते कोवळ्या टी-पेशीला नियामक बनवते. पण त्याच वेळी इंटरल्युकिन-६ हजर असेल, तर दोघे मिळून त्याच कोवळ्या पेशीला इंटरल्युकिन-१७ सोडणारी, चेतासंस्थेच्या आजारात पुढाकार घेणारी पेशी बनवतात. हे २००६ मध्ये उघड झाले. म्हणजे दाहशामक हे विशेषण पदार्थाला कायमचे चिकटवता येत नाही. मीठ आमटीत पडले तर चव आणते, दुधात पडले तर दूध नासवते.

याची किंमत माणसांनीही मोजली आहे. टीएनएफ ही दाह भडकवणारी चिठ्ठी अडवली की संधिवाताच्या रुग्णांना मोठा आराम पडतो. तेव्हा मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्येही ती अडवावी, असे ठरले आणि लेनेर्सेप्ट नावाच्या औषधाची चाचणी झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल उलटे होते : औषध घेणाऱ्यांना झटके जास्त आले. टीएनएफची एक बाजू मेंदूत दुरुस्तीचेही काम करते, हे नंतर लक्षात आले. आज संधिवातासाठी ही औषधे देताना रुग्णाला मायेलिनचा आजार नाही ना, याची डॉक्टर खात्री करून घेतात. बाजारात "दाहशामक" आणि "प्रतिकारशक्ती वाढवणारे" अशी दोन्ही लेबले एकाच बाटलीवर दिसतात, तेव्हा मला या चाचणीची आठवण होते. मायेलिनवर उलटलेल्या यंत्रणेची शक्ती आणखी वाढवून कोणाचे भले होणार?

गरोदरपण आणि जंत

निसर्ग मात्र हा लगाम काही प्रसंगी फार सफाईने वापरतो. गर्भात निम्मा वाटा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरी आईची प्रतिकारयंत्रणा त्याला नऊ महिने सांभाळते, कारण त्या काळात विझवणाऱ्या चिठ्ठ्यांचे पारडे जड होते. मग मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या स्त्रियांचे या काळात काय होते? युरोपातल्या १२ देशांतील २५४ स्त्रियांचा पाठपुरावा करून १९९८ मध्ये याचे उत्तर दिले गेले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झटके सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाले. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते पूर्वीपेक्षा वाढले आणि मग मूळ पातळीवर आले. लगाम आवळला, सुटला आणि पुन्हा नेहमीच्या जागी आला, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे निरीक्षण मिळणे कठीण.

दुसरा प्रसंग शिक्षकांच्या अधिक जवळचा आहे. जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मुलांना चावून खायला लावण्याचे काम आपण करतो. आतड्यातला जंत वर्षानुवर्षे परक्याच्या घरी राहतो, तो काही फुकट नव्हे. तो यजमानाच्या नियामक पेशींना फितवतो आणि इंटरल्युकिन-१० व टीजीएफ-बीटा वाढवून आपल्यावरचा हल्ला थोपवतो. अर्जेंटिनातल्या होर्हे कोर्रेआले आणि मौरिसिओ फारेस यांनी २००७ मध्ये जंत असलेल्या १२ आणि नसलेल्या १२ मल्टिपल स्क्लेरॉसिस रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. जंत असलेल्यांना चार-साडेचार वर्षांत झटके फारच थोडे आले होते आणि त्यांच्या रक्तात या दोन्ही चिठ्ठ्या वाढलेल्या होत्या. पुढे त्यांतल्या चौघांना पोटाच्या तक्रारींमुळे जंतनाशक द्यावे लागले. जंत गेले आणि आजार परतला.

असे वाचले की गोळी द्यावी की नाही अशी शंका मनात येते. ती निःसंशय द्यावी. जंतांमुळे मुलांचे रक्त कमी होते, वाढ खुंटते, अभ्यासातले लक्ष उडते. हे नुकसान लाखोंचे आणि रोजचे आहे, तर मल्टिपल स्क्लेरॉसिस आपल्याकडे त्यामानाने विरळा आहे. शिवाय जंत उपचार म्हणून मुद्दाम दिले तर काय होते, हेही पाहून झाले आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे ७१ रुग्णांवर आकडी-जंताची चाचणी झाली, तिचे निकाल २०२० मध्ये आले. नियामक पेशी थोड्या वाढल्या, पण मेंदूतल्या नव्या जखमांच्या संख्येत भरवशाचा फरक दिसला नाही. बारा रुग्णांच्या निरीक्षणावर औषध उभे करता येत नाही. निरीक्षण मात्र मोलाचे आहे.

पुण्यातला आजार

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांचे पाय लुळे पडू लागले आणि गीयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घरोघरी पोचले. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू मिळाला. दूषित पाण्यातून तो पसरल्याचा संशय होता. मेंढीच्या मेंदूच्या लशीनेही काहींना जीबीएससारखाच आजार होत असे. तिथे प्रथिन खरोखर चेतासंस्थेचे होते, इथे चेहरा सारखा आहे : या जंतूच्या आवरणावरची शर्करा आपल्या चेतातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या पदार्थांसारखी दिसते. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे मग मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेरच्या, हातापायांत गेलेल्या चेतातंतूंना जाऊन चिकटतात.

दाह आहे, तर दाहशामकांचा राजा स्टेरॉइड द्यावा, असे कोणालाही वाटेल. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या झटक्यात तो उपयोगी पडतोही. जीबीएसमध्ये पडत नाही. २४२ रुग्णांवरच्या चाचणीत शिरेतून मोठी मात्रा देऊनही फरक पडला नाही, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्यांची सुधारणा उलट रेंगाळल्याचे पुढे दिसले. उपयोगी ठरतात ते दोन उपाय. एकात रुग्णाचा रक्तद्रव बदलून घातक प्रतिपिंडे काढून टाकतात. दुसऱ्यात हजारो निरोगी दात्यांच्या रक्तातून गोळा केलेले इम्युनोग्लोबुलिन शिरेतून देतात. दोन्ही जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतील तितके चांगले. म्हणून पायांतली ताकद दिवसागणिक कमी होऊन अशक्तपणा वर सरकत असेल, तर घरगुती तेल-मालिशीत वेळ न घालवता लगेच मोठ्या रुग्णालयात जावे.

स्टेरॉइड इथे का हरतो? एक कयास असा आहे की तो भक्षक पेशींनाही गप्प करतो आणि त्या पेशींची तर गरज असते. तुटलेल्या चेतातंतूचे आणि उसवलेल्या मायेलिनचे अवशेष वाटेत पडून राहिले, तर नवा तंतू वाढू शकत नाही. ते अवशेष खाऊन वाट मोकळी करायची ती या भक्षक पेशींनीच. त्या आधी विस्तव फुलवतात, मग कचरा खातात आणि कचरा खाता खाता स्वभाव बदलून दुरुस्तीला मदत करणाऱ्या होतात. या पालटात इंटरल्युकिन-१० चा हात असतो. ज्या उंदरांत ते नाही, त्यांच्या भक्षक पेशी वेळेवर शांत होत नाहीत आणि तुटलेल्या चेतातंतूंची पुनर्वाढ अडखळते.

ती वाढही सावकाशच चालते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. ज्या रुग्णात नुसते वेष्टन उसवले आहे, तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चालू लागतो. ज्याचे तंतूच कंबरेजवळ तुटले आहेत, त्याच्या पावलापर्यंतचे अंतर नव्वद सेंटिमीटर धरले, तर तिथवर नवा तंतू पोचायला नऊशे दिवस लागतात.